उन्हाळ्यातल्या नदीचा आकडाही छापा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जुलै लागला की आमच्या घरात आपल्या अंकातली आधी एकच चौकट वाचली जाते. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाणी इतके फूट इतके इंच, पाण्याखाली गेलेले बंधारे इतके. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या गावात चौथीतलं पोरही सांगतं. आकडा चढायला लागला की जनावरं हलवायची, गॅसची टाकी माळ्यावर टाकायची, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडं धाडायचं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा रात्री दोन वाजता लोक फोन करून एकमेकांना तोच आकडा विचारत होते.

पुढं पावसाळा संपतो, बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले जातात, पाणी थांबतं. फेब्रुवारी-मार्चपासून नदी आधी हिरवी, मग काळी दिसायला लागते, वास सुटतो, आणि चौकट बंद असते. तिच्याऐवजी जलपर्णीचा फोटो येतो, मेलेल्या माशांचा फोटो येतो. आकडा येत नाही. हे पत्र त्या आकड्यासाठी आहे. फक्त तिथवर यायला मला जरा लांबचा वळसा घ्यावा लागणार आहे, न्यूझीलंडवरनं.

परदेशात लेकीकडं राहून आलेला माणूस लिहायला बसला की "तिकडचे रस्ते किती स्वच्छ" इथनं सुरुवात करतो आणि वाचणारा पान उलटतो. मीही उलटतो. म्हणून आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे मी तिकडं काय बघत बसलो असेन याचा अंदाज येईल. मी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागात शाखा अभियंता होतो. नोकरी ३१ वर्षं, वेगवेगळ्या जिल्ह्यांत. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारी कामं आमच्याकडं असत: पाझर तलाव, गावतळी, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बरगे मोजणं, गंजलेले बदलणं, चोरीला गेलेल्या बरग्यांचा पंचनामा करणं यात माझे किती उन्हाळे गेले ते माझ्या हिला विचारा. त्यामुळं लेकीच्या गावाला उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नदीवर गेलो. बाकीची प्रेक्षणीय स्थळं हिनं बघितली.

गावाचं नाव पामर्स्टन नॉर्थ. उत्तर बेटावर, विद्यापीठाचं शहर, भोवती गाईंची कुरणं. नदी मानावातू. ही नदी मोठी तऱ्हेवाईक आहे. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगवते, पश्चिमेला समुद्र जवळ, तरी त्याच्याकडं पाठ करून १४०० किलोमीटर पूर्वेला जाते. मानावातू नेमकी उलटी: डोंगररांगेच्या पूर्वेच्या उतारावर उगवते, आणि मग त्याच डोंगराला मधेच फोडून घळईतनं पश्चिमेच्या समुद्राला मिळते. शहराजवळ तिच्या काठानं मातीचे लांब बांध घातलेत आणि त्यांच्या अंगानं फिरायची वाट आहे. रोज सकाळी तासभर मी तिथं चालायचो. बांधाच्या उताराला गवत कापलेलं, घुशीचं बीळ नाही, झाड उगवू दिलेलं नाही. आमच्या पाझर तलावांच्या भरावावर बाभळी वाढलेल्या आठवून मला आपली उगीचच शरम वाटायची.

या बांधाचं काम कुणाकडं, हे मला एका बिलावरनं कळलं. जावई जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते आणि कर वाढला म्हणून कुरकुरत होते. (घरपट्टीवरून कुरकुरणं हा गुण कुठल्याही देशाचं नागरिकत्व घेतलं तरी जात नाही असं दिसतं.) बिलं दोन होती. एक शहराच्या परिषदेचं. त्यात नळ, ड्रेनेज, कचरा, रस्ते, ग्रंथालय, म्हणजे आपल्या नगरपालिकेचंच काम. दुसरं वेगळ्या संस्थेचं, प्रादेशिक परिषदेचं. त्यात ओळीओळीनं लिहिलेलं: नदी आणि पूरनियंत्रणाचे इतके, तण आणि उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्ताचे इतके, बससेवेचे इतके. नदीच्या बांधानं ज्या पट्ट्याचं पुरापासून रक्षण होतं त्यात घर असेल तर त्यासाठी जादा. मी ते बिल दोनदा वाचलं. आयुष्यभर मी घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली, शिक्षणकर भरला, रोजगार हमीचा उपकर भरला. पण "ही तुमची नदी, हे तिचे पैसे" असा कागद माझ्या हातात कधी कुणी दिला नाही.

या परिषदा १९८९ सालच्या. त्या वर्षी न्यूझीलंडनं जुनी शेकडो लहान-मोठी मंडळं मोडली, त्यांत नद्यांची मंडळं होती, पाणलोटाची होती, बंदरांची होती, आणि नवीन मांडणी केली. आज अशा ११ प्रादेशिक परिषदा आहेत. काही ठिकाणी शहर आणि प्रदेश दोन्हींचं काम एकाच संस्थेकडं आहे. माझ्यासारख्याला त्यातली एक गोष्ट फार भावली. या परिषदांच्या हद्दी आखताना मुख्यतः पाणलोट धरला. डोंगराच्या धारेवर पाऊस पडला तर तो ज्या बाजूला वाहील त्या परिषदेचा. आम्ही मृद्संधारणाच्या प्रशिक्षणात "माथा ते पायथा" हे शब्द इतक्या वेळा ऐकलेत की झोपेतही म्हणू. पण ते एका ओढ्यापुरते, फार तर एका गावापुरते. राळेगणला, हिवरे बाजारला ते खरं करून दाखवलं, तेही गावाच्या शिवेत. नदीच्या बाबतीत आपला माथा एका जिल्ह्यात, पोट दुसऱ्यात आणि पाय कर्नाटकात असतात.

आता तुम्ही म्हणाल, कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ पासून आहे की. आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानं अशा महामंडळांना नदीखोरे अभिकरण असं नावही दिलं. पण त्यांचा जन्म धरणं आणि कालवे बांधण्यासाठी झाला. खोऱ्यातल्या सांडपाण्याचं, गाळाचं, काठावरच्या तणाचं, पुराच्या बांधाचं बघायला ती निघालेली नाहीत.

बांधावर फिरताना डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, एके दिवशी एक मुलगी दिसली. पंचविशीची असेल. गुडघ्यापर्यंत गमबूट, पाठीवर परिषदेचं नाव असलेलं जाकीट. तिच्या हातात लांब दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला चिमट्यात अडकवलेली बाटली. ती काठाच्या कडेला साचलेल्या पाण्यातनं न भरता दांडा पुढं करून धारेतलं पाणी घेत होती. बाटलीचं तोंड वरच्या अंगाला. भरली, झाकण लावलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली, शीतपेटीत ठेवली. मग एक यंत्र पाण्यात सोडलं आणि वहीत आकडे उतरवले. माझ्यातला शाखा अभियंता गप्प बसेना. मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, लोक इथं पोहतात ना, म्हणून उन्हाळाभर दर आठवड्याला नमुना घेतो. विष्ठेतला ई-कोलाय जंतू मोजतो. १०० मिलीलीटरमध्ये २६० पर्यंत असला तर पोहा, २६० ते ५५० मध्ये जपून, ५५० च्या वर गेला तर उतरू नका.

मी विचारलं, आकडा कुणाला कळवता? तिला प्रश्नच नीट कळला नाही. "सगळ्यांना," ती म्हणाली.

आणि खरंच तसं होतं. दोन आठवड्यांनी मोठा पाऊस झाला. नातीला नदीवर न्यायचं कबूल केलेलं होतं. तिनं आईचा फोन घेतला, नदीचं पान उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. आमच्या फिरायच्या जागेवर लाल ठिपका होता. "आजोबा, आज नाही. गाईंचं शेण आलंय पाण्यात." वय वर्षं आठ. माझ्या गावातल्या चौथीच्या पोराला ४३ फूट माहीत आहे, तसंच हिला लाल ठिपका माहीत आहे. दोघांत हुशारीचा फरक नाही. ज्या पोराला जो आकडा दाखवला, तो त्याला पाठ झाला.

तिथली नदी स्वच्छ आहे म्हणून मी हे सांगतोय असं समजू नका. स्वच्छ नाही. २००९ मध्ये एका मोजणीचे निष्कर्ष बाहेर आले आणि मानावातूचं नाव जगातल्या वाईट नद्यांच्या पंगतीत वर्तमानपत्रांत गाजलं. गावोगावचं सांडपाणी, दूधउद्योगाची गुरं, डोंगरउतारावरनं येणारी माती, सगळंच तिच्यात. लोक चिडले, आकड्यावर वाद झाले, मोजायची पद्धतच बरोबर नाही असंही म्हणून झालं. पण पुढच्याच वर्षी, २०१० ला, परिषदा, माओरी या तिथल्या मूळच्या जमातींचे प्रमुख, शेतकरी, कारखानदार असे सगळे एका करारावर सह्या करून बसले. नदी एका रात्रीत सुधारली नाही, अजूनही अनेक ठिकाणी दुखणं आहे. भांडायला आकडा होता, म्हणून भांडण नदीबद्दल झालं. आपल्याकडं ते एकमेकांच्या खात्यांबद्दल होतं.

लेकीच्या ओळखीच्या एका गवळ्याकडं, म्हणजे चारशे गाईंच्या गवळ्याकडं, आम्ही चहाला गेलो होतो. तो माणूस परिषदेवर उखडलेला होता. २०२० च्या नियमानुसार मीटरभराहून रुंद ओढ्यात दुभत्या गाई जाऊ द्यायच्या नाहीत, काठापासून किमान तीन मीटर सोडून कुंपण. तारेचा खर्च, खांबांचा खर्च, वर तपासणी. "शहरातले लोक दूध पितात आणि शेणाचा हिशेब मला मागतात," असं म्हणाला. मला तो एकदम आपलाच वाटला. पण मग त्यानंच बाहेर नेऊन डोंगराचा उतार दाखवला. २००४ च्या फेब्रुवारीत तिथं इतका पाऊस झाला होता की उतारच्या उतार गवतासकट सुटून खाली आले, खालची शेतं गाळात गेली. त्यानंतर परिषदेनं डोंगरी शेतांसाठी योजना काढली. प्रत्येक शेताचा नकाशा करायचा, कुठला उतार सुटेल ते ठरवायचं आणि तिथं झाडं लावायची. झाडं कशी? तर पॉप्लरचे आणि विलोचे पुरुषभर उंचीहून मोठे दांडे तोडायचे आणि हिवाळ्यात तसेच जमिनीत ठोकायचे. गाईंनी अंग घासू नये म्हणून बुंध्याला नळकांडं चढवायचं. आपण कुंपणाला पांगारा लावतो, परड्यात शेवग्याची फांदी खोचतो, तीच रीत. दांडे मिळवायला आणि खर्चाला परिषद मदत करते. उखडलेला गवळी त्या झाडांवरनं मात्र हात फिरवत होता.

एक प्रसंग लेकीच्या गावापासून बराच पूर्वेला, हॉक्स बे भागात घडलेला, पण तिथं अजून बोलला जातो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हॅवलॉक नॉर्थ नावाच्या लहानशा गावात जोराचा पाऊस झाला, मेंढ्यांच्या लेंड्या धुऊन पाणीपुरवठ्याच्या विहिरींत उतरल्या, आणि पाच हजारांहून जास्त माणसं जुलाबानं आजारी पडली. चार मृत्यूंशी त्याचा संबंध लागला. सरकारी चौकशी बसली. नळ ज्या जिल्हा परिषदेचा तिच्यावर ठपका आला आणि भूजल ज्या प्रादेशिक परिषदेच्या ताब्यात तिच्यावरही आला. दोघींचं आपसात धड बोलणं नव्हतं हेही चौकशीत निघालं. २०२१ ला पिण्याच्या पाण्याचा नवीन कायदा झाला. हे वाचताना मला आपली इचलकरंजी आठवत होती. २०१२ च्या उन्हाळ्यातली काविळीची साथ. माझा मावसभाऊ तेव्हा तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता. त्या साथीनंतर आपल्याकडं कुठला कायदा बदलला ते मला आठवत नाही. वाचकांपैकी कुणाला आठवत असेल तर जरूर कळवावं.

परिषदेच्या कामात काही गमतीही आहेत. ब्रिटिशांनी शेतातले किडे खायला म्हणून तिकडं कावळ्याच्या जातीचा एक पक्षी नेला. तो किडे सोडून पिकंच उपटायला लागला. आता परिषदेची सूचना अशी की हा पक्षी वा त्याचं घरटं दिसलं तर आम्हाला कळवा, आम्ही येऊन बंदोबस्त करतो. आमच्या हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, मग पितृपक्षात इथली माणसं करतात काय?" बसचंही काम याच परिषदेकडं. शहरातल्या बस २०२४ पासून विजेवर चालतात, आवाज नाही, पाठीमागनं येऊन उभी राहिली तरी कळत नाही. एवढंच बसबद्दल.

मोटोआला मात्र मी मुद्दाम गेलो. जावयांनी रविवार खर्ची घातला. खालच्या अंगाला मानावातू नुसती वळणं घेत समुद्राकडं जाते, पुराचं पाणी त्या वळणांत तुंबतं. म्हणून तिथं नदीच्या काठाला मोठे दरवाजे बसवलेत आणि त्यांच्या पलीकडं दोन्ही बाजूंनी बांध घातलेला सरळ रुंद पट्टा ठेवलाय. पूर चढला की दरवाजे उघडायचे, पाणी त्या पट्ट्यातनं सरळ निघून खाली पुन्हा नदीला मिळतं. एरवी त्या पट्ट्यात गवत असतं आणि जनावरं चरतात. दरवाजे उघडायच्या आधी शेतकऱ्यांना निरोप जातो, जनावरं काढा. मी तिथं अर्धा तास उभा होतो. दरवाजा आपल्या राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांपेक्षा फार मोठा चमत्कार नाही. मला बघायचा होता तो पट्टा. इतकी जमीन, सपाट, काळी, नदीसाठी मोकळी सोडलेली, आणि तिच्यावर एकही बंगला नाही, मंगल कार्यालय नाही, पेट्रोल पंप नाही. आपल्याकडं पूररेषेच्या आत काय काय उभं राहिलंय ते मी लिहीत बसत नाही, आपल्या जाहिरातींच्या पानांवर ते असतंच. हे दरवाजे १९६२ साली सुरू झाले. आमच्या जिल्हा परिषदाही १९६२ च्याच, १ मे च्या.

त्याच परिषदेच्या हद्दीत वांगानुई नावाची दुसरी नदी आहे. २०१७ च्या मार्चमध्ये कायदा करून तिला व्यक्तीचा दर्जा दिला. तिच्या काठच्या माओरी लोकांत "मीच नदी, नदीच मी" अशी म्हण आहे, आणि दीडशे वर्षांच्या त्यांच्या भांडणाचा तो शेवट होता. त्याच महिन्यात आपल्या उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेलाही व्यक्ती ठरवलं आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. खरं सांगायचं तर मला याचं वाईट वाटलं नाही. नदीला आई म्हणण्यात आपण कधीच कमी पडलो नाही. रोज सकाळी नृसिंहवाडीला आरती असते.

हे सगळं पाहून मी खूश झालो खरा, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं नवा प्रस्ताव मांडला: प्रादेशिक परिषदांवर निवडून येणारे सदस्य काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी त्या त्या भागातल्या महापौरांची मंडळं बसवायची. कारण काय, तर संस्था फार झाल्या, कर फार झाला, लोकांना कोण काय करतं कळत नाही. जावई म्हणाले, बरं होईल, एक बिल कमी येईल. मी म्हटलं, जावईबापू, बिल कमी होणार नाही, ते फक्त दुसऱ्या बिलात दिसेनासं होईल. शहरं नदीत सांडपाणी सोडतात. त्याच शहरांचे महापौर नदीचे राखणदार झाले तर राखण कशी होते ते मला कोल्हापूरकडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्याकडं बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात गावातला माणूस गाऱ्हाणं घेऊन कुणाच्या दारात उभा राहायचा? सदस्य कामाचा नसला तरी त्याचं दार माहीत असतं.

दार म्हटल्यावर आठवलं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, पहाटे फिरायला म्हणून आमच्या खालच्या बंधाऱ्यावर गेलो तर पाण्यावर पांढरा थर दिसला. जवळ गेलो तर मासे. तिलापिया, मरळ, हातभर लांबीचा एक कटला, पोट वर करून बरग्यांना टेकलेले, आणि जे जिवंत होते ते तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. ज्यानं कधी पाण्यातला ऑक्सिजन मोजला नाही त्यालाही ते बघून कळावं. मी घरी येऊन फोन लावले. पहिल्या कार्यालयात सांगितलं, पाणी किती सोडायचं ते आमच्याकडं, पाणी कसलं आहे ते आमच्याकडं नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, साहेब सुट्टीवर आहेत, लेखी द्या. तिसरीकडचे चांगले होते, दुपारी आले, बाटल्या भरल्या आणि गेले. तोवर वरनं पाणी सोडलं होतं, मासे पुढच्या गावाला पोचले होते. त्या बाटल्यांत काय निघालं हे मी चार वेळा विचारलं. मला आजतागायत कळलेलं नाही. बाटली भरणारा पोरगाही पंचविशीचाच होता, त्यानंही धारेतनंच पाणी घेतलं, चिठ्ठी लावली, शीतपेटीत ठेवली. काम तो तिकडच्या मुलीइतकंच नीट करत होता. फक्त "आकडा कुणाला कळवता" असं विचारल्यावर तो म्हणाला, "वरती."

म्हणून संपादक महाशय, नदीसाठी खोरेवार परिषद आपल्याकडं कधी होईल ते होवो, माझ्या हयातीत होईल असं वाटत नाही. मी आपल्याकडं मागतोय ती चौकट. पावसाळ्यात जिथं राजाराम बंधाऱ्याची पातळी येते तिथंच, जानेवारी ते मे, महिन्यातनं एकदा. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत जिथले नमुने घेतले जातात ती ठिकाणं आणि पुढं तीन रकाने: विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप), विष्ठेतले जंतू. खाली एका ओळीत पातळी द्या, जशी ३९ आणि ४३ ची देता: आंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन लीटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली नसावा, बीओडी ३ च्या वर नसावा, ऑक्सिजन ४ च्या खाली गेला की माशांचं अवघड. वाडीला संगमावर डुबकी मारणाऱ्याला हे कळायला नको का? दक्षिणद्वार सोहळ्याला पाणी पादुकांवर कधी चढलं त्याची वेळ आपण मिनिटांसकट छापता.

आकडे कुठनं आणायचे असं आपल्या वार्ताहरांना वाटेल. प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने घेतं, त्यांचे आकडे संकेतस्थळावर इंग्रजीत चढतात. ते शोधून, मराठीत उतरवून, महिन्याच्या पाच तारखेच्या आत आपल्या कार्यालयात आणून द्यायचं काम माझ्याकडं द्या. एखाद्या महिन्याचा आकडा चढलेला नसेल तर रकाना रिकामा ठेवा, पण चौकट काढू नका. मानधन नको. फक्त अक्षर जरा मोठं ठेवा, आमच्या वयाच्या माणसांना बारीक दिसत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त शाखा अभियंता,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर